सोनेरी पट्टी वितळत का नाही?

या महिन्यात आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यातली चार पत्रं एकाच पदार्थाबद्दल आहेत, पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकबद्दल. लिहिणाऱ्यांपैकी तिघांना तो पदार्थ आपल्याकडे आहे याचा पत्ताच नाही. माझी 31 वर्षं त्याच्याच वासात गेली. चिंचवडजवळच्या एका कारखान्यात मी विजेच्या मोटारीच्या तारांवर चढवायची वार्निशं बनवत होते. त्यामुळे आज उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

अकोल्याहून एक मोबाइल दुरुस्तीवाले लिहितात: ताई, आयसी (बोर्डवरची चिप) काढताना शेजारच्या पार्टला झळ लागू नये म्हणून आम्ही पिवळी हीट टेप लावतो. होलसेलवाला तिला ‘कॅप्टन टेप’ म्हणतो. गरम हवेची गन 350 अंशांवर असते. बाजूचा कनेक्टर वितळून वाकडा होतो, पण टेपला काही होत नाही. ही कशाची असते? मोबाइलची अख्खी बॉडीच हिची का करत नाहीत? आणि एवढी टेप लावूनही कधीकधी खालचा पार्ट जातो, तो का?

तुमचा होलसेलवाला फारसा चुकलेला नाही. ते ‘कॅप्टॉन’. ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीने 1960च्या दशकात आणलेल्या फिल्मचं ते व्यापारी नाव आहे, पदार्थाचं नाव पॉलिइमाइड. आता तशी फिल्म अनेक कंपन्या बनवतात, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

प्लॅस्टिकचे रेणू लांबलचक असतात, शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले. उष्णता मिळाली की ते वळवळतात, मग एकमेकांवरून घसरतात. पाण्याच्या बाटलीचं पॉलिएस्टर 75-80 अंशांच्या आसपास सैल पडतं आणि 250 ते 260च्या दरम्यान वितळतं. पॉलिइमाइडच्या रेणूला वळवळायला जागाच ठेवलेली नाही. सपाट, ताठ कड्या एकीला एक जोडलेल्या, मधूनच ऑक्सिजनचा एखादा सांधा, लवचीकपणा काय तो तेवढाच. शिवाय हे सपाट रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसतात. चवडीतली एक भाकरी इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक, तिच्यावरची घ्यायला उत्सुक, त्यामुळे एकमेकींना धरून राहतात. ही फिल्म उणे 269 ते अधिक 400 अंशांपर्यंत वापरता येते. त्याच्याही बरंच पुढे नेली तर ती करपून कोळसा होते, पण वितळत नाही.

हीच मोठी अडचणही आहे. जे वितळतच नाही ते साच्यात ओतायचं कसं? बॉडीचं प्लॅस्टिक वितळवून साच्यात दाबतात, काही सेकंदांत एक नग बाहेर. पॉलिइमाइडला तो रस्ता बंद. त्यामुळे ते अर्धवट अवस्थेत, वार्निश म्हणून बनवायचं, पसरायचं आणि जागेवरच पक्कं करायचं. बॉडीची किंमत ऐकून तुमचं गिऱ्हाईक दुकानातूनच पळेल.

वार्निशची गंमत सांगते. दोन पावडरी असतात. एक एनएमपी नावाच्या द्रावकात विरघळवायची (त्याला माशासारखा मंद वास येतो, घरी गेल्यावरही ओढणीला यायचा) आणि दुसरी तिच्यात थोडी थोडी टाकत जायची. बराच वेळ काहीच होत नाही, पाण्यासारखं पातळ. दोघींचं प्रमाण अगदी जुळत आलं की शेवटच्या चिमटी-दोन चिमटींत सगळं एकदम दाटतं, एकतारी पाकासारखी तार सुटते. एका जुलैत मी चार तास ढवळत बसले, पाक एकतारीवर येईना. आणखी टाकली, आणखी टाकली. शेवटी सगळी बॅच फेकली. आदल्या संध्याकाळी पावडरीच्या डब्याचं झाकण मीच नीट लावलं नव्हतं. पावसाळी हवेतलं पाणी तिने खाल्लं होतं, आणि पाणी खाल्लेली पावडर जोडीदार धरत नाही. त्यानंतर पावसाळाभर डबे ओव्हनशेजारच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात.

वार्निश काचेवर पसरायचं आणि भट्टीत 80, 150, 250, 350 असं पायरीपायरीने तापवायचं. या तापण्यात रेणूच्या मोकळ्या कड्या बंद होतात आणि पाणी बाहेर पडतं. घाई केली की वाफ आत अडकते आणि फिल्मवर पापडासारखे फोड येतात. नीट झाली तर काच उकळत्या पाण्यात ठेवायची. कडेपासून फिल्म सुटू लागते, केळीच्या पानावरून पानगी सुटते तशी. पारदर्शक, मधाच्या रंगाची आणि बोटांत धरली तर करकर वाजणारी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. उष्णता सोसणं वेगळं आणि अडवणं वेगळं. टेपची फिल्म साधारण 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, म्हणजे केसापेक्षा बारीक. ती स्वतः जळत नाही, पण उष्णता तिच्यातून पलीकडे जातेच, फक्त थोडी उशिरा. ती झोताचा थेट मारा थांबवते, लहान पार्ट उडू देत नाही आणि वितळून बोर्डवर चिकटत नाही, एवढंच तिचं काम. खालच्या पार्टला खरंच वाचवायचं असेल तर टेपवर अॅल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन थर द्या किंवा धातूचा एखादा जड तुकडा ठेवा, तो उष्णता पिऊन घेतो. आणि गन एका जागी रोखू नका. शिसं नसलेलं सोल्डर 217 अंशांच्या आसपास वितळतं, शिसं असलेलं 183ला. 350चा झोत फक्त तिथपर्यंत लवकर पोचायला आहे. कनेक्टरही साध्या प्लॅस्टिकचे नसतात. कारखान्यातल्या भट्टीची 250-260 अंशांची फेरी ते सुखरूप पार करतात. पण ती फेरी मोजक्या सेकंदांची असते, तुमच्या गनसारखी रेंगाळणारी नव्हे.

टेपचा गोंद सिलिकोनचा असतो आणि तो 260च्या आसपासच थकतो. फिल्म टिकली तरी गोंद बोर्डवर राहतो, तो त्यामुळेच. स्वस्त टेपमध्ये पिवळा रंग दिलेलं पॉलिएस्टरही निघतं. एक तुकडा कापून त्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवा. भोक पडून कडा गोळा झाल्या तर होलसेलवाल्याला परत करा.

चंद्रपूरहून एक वाचक: माझ्या स्कूटरचा मीटर डिजिटल आहे, करड्या पडद्यावर काळे आकडे. मे महिन्यात दुपारी ऑफिसबाहेर गाडी उभी केली की अख्खा पडदा काळा होतो. संध्याकाळी आपोआप ठीक. शोरूमवाले म्हणतात, मीटर बदला.

इतक्यात बदलू नका. तुमच्या मीटरला फक्त घेरी येते.

एलसीडी पडद्यात दोन गाळण्या असतात, एक उभा प्रकाश सोडणारी, दुसरी आडवा. नुसत्या एकावर एक ठेवल्या तर काहीच पलीकडे जात नाही, पडदा काळा. मधलं द्रवस्फटिक, म्हणजे रेणू शिस्तीत ओळीने उभे असलेला द्रव, प्रकाशाला पीळ देऊन दुसऱ्या गाळणीतून पार करतं. पण ठरावीक तापमानाच्या वर, मिश्रणाप्रमाणे 70 ते 100 अंशांच्या दरम्यान, द्रवस्फटिकाची शिस्त मोडते आणि त्याचा साधा द्रव होतो. पीळ संपला, पडदा काळा. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हातली काळी डॅशबोर्ड 70च्या घरात सहज जाते.

थंड झाल्यावर ते रेणू पुन्हा नेमके पहिल्यासारखे ओळीत कसे उभे राहतात? काचेच्या आतल्या बाजूला पॉलिइमाइडचा एक अतिपातळ थर असतो, मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका. कारखान्यात त्यावरून मखमलीसारखं कापड गुंडाळलेला रूळ एकाच दिशेने फिरवतात. त्या घासण्याने थराला दिशा मिळते आणि द्रवस्फटिकाचे रेणू तिच्या मागे रांग धरतात. द्रव बेशुद्ध झाला तरी हा थर जागाच असतो. चाळीस-पन्नास हजारांचा टीव्ही घ्या, त्याच्याही एलसीडी काचेवर असाच थर असतो. काही कारखान्यांत कापडाऐवजी प्रकाशाने दिशा देतात, पण मला रूळच जास्त आवडतो. इतक्या बारीक कामाच्या कारखान्यात कुणीतरी कापडाने घासतंय!

खरी काळजी गाळण्यांची. त्या आयोडिन मुरवलेल्या, ताणलेल्या प्लॅस्टिकच्या असतात आणि ऊन-दमटपणाने कायमच्या विरतात. पडद्यावर जांभळे किंवा पिवळट डाग दिसू लागले आणि संध्याकाळीही गेले नाहीत, तर मीटर बदलावा लागेल. तोवर सीटच्या डिकीत एक जुना टॉवेल ठेवा आणि गाडी उभी केली की मीटरवर टाका. आणि फोन कधी हँडलवर लावून ठेवू नका. कित्येक फोनच्या माहितीपत्रकात वापरासाठी 35 अंशांपर्यंतचंच हवामान सांगितलेलं असतं. तुमच्याकडे मे महिन्यात सकाळी नऊनंतर फोन वापरायचाच नाही, असा त्याचा अर्थ झाला.

सातारा, आठवीतला विद्यार्थी: चांद्रयानाच्या लँडरला खरं सोनं लावलं होतं का?

नाही रे. तोच पिवळा पॉलिइमाइड आहे, मागच्या बाजूला अॅल्युमिनियमचा मुलामा. चकाकी अॅल्युमिनियमची, रंग फिल्मचा. तशा थरांची गोधडी यानाला पांघरतात. 1969 साली चंद्रावर उतरलेल्या अमेरिकी यानावरही अशीच फिल्म होती, आणि 2021मध्ये गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीची टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्रीही कॅप्टॉनचीच आहे.

ठाण्याहून एक आजोबा: मुलाने घडीचा फोन भेट दिला. पडद्यावर एक प्लॅस्टिक आहे, घडीपाशी त्याला रेघ दिसते आणि कडेला जरासं उचललंय. सून म्हणते काढू नका. मला ते प्लॅस्टिक खुपतं. शिवाय एवढ्या महाग फोनला प्लॅस्टिकचा पडदा कशाला?

सूनबाई बरोबर आहेत, आजोबा.

पडद्याचे दिवे मांडायला खाली पाट लागतो. साध्या फोनला तो काचेचा असतो, पण काचेची घडी होत नाही. दिव्यांची बारीक विजेची नक्षी काढताना तापमान 450 अंशांपर्यंत चढतं, त्यात इतर प्लॅस्टिकं तगत नाहीत. मग काचेवर पॉलिइमाइडचं वार्निश पसरतात (आमच्या कारखान्यासारखंच, फक्त धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत), भाजतात, त्यावर सगळी नक्षी काढतात आणि शेवटी काचेच्या मागून लेसर मारतात. लेसर अतिनील, 308 नॅनोमीटरचा. काचेतून तो जातो, पॉलिइमाइडला लागताच शोषला जातो, अगदी तळाचा थर जळतो आणि फिल्म काचेपासून सुटते. आम्ही उकळतं पाणी वापरायचो, एवढाच फरक.

तळाशी पिवळं चालतं, कारण उजेड वरच्या बाजूने येतो. वरचं झाकण मात्र पाण्यासारखं स्वच्छ हवं. आणि इथे पंचाईत होते. अकोल्याच्या उत्तरातली भाकऱ्यांची चवड आठवते? त्यांच्या त्या देवाणघेवाणीत प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळला जातो, उरतो तो पिवळा. ज्या पकडीमुळे उष्णता सोसते, तिच्यातूनच रंग येतो. रंग घालवायला रेणूत फ्लोरिनचे जाडजूड गट घुसवतात, चवड मोकळी करतात. फिल्म रंगहीन होते, पण उष्णतेची तग कमी होते आणि किंमत चढते. 2019च्या सॅमसंगच्या पहिल्या घडीच्या फोनवर वर असंच रंगहीन पॉलिइमाइड होतं. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या झेड फ्लिप या घडीच्या फोनवर त्यांनी सुमारे 30 मायक्रॉन जाडीची काच बसवली.

म्हणजे तुम्हाला खुपणाऱ्या प्लॅस्टिकखाली बहुधा केसाहून बारीक काच आहे आणि ती या प्लॅस्टिकच्याच आधाराने टिकून आहे. ओढून काढायला गेलात तर दोन्ही जातील. कडेचं उचललेलं टोक दाबू नका, त्याखाली कागदही सरकवू नका. मुलाला पावती घेऊन कंपनीच्या सेंटरवर जायला सांगा, ती पट्टी तिथे बदलून मिळते का ते विचारू दे. आणि तोवर आधी नखं कापा.