खेळातून कॉलेजची शिष्यवृत्ती: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: मुलगी नववीत, मराठी माध्यमात शिकते. वजन ५० किलोच्या आसपास आहे. आजूबाजूच्या जत्रांच्या मैदानांत ती कुस्त्या मारते; गदा आणि रोख इनामेही मिळाली आहेत. कॉलेजचा खर्च खेळातून निघावा अशी इच्छा आहे. आत्तापासून काय करावे?
– एक पालक, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर: मुलीचे कौतुकच आहे, पण एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. जत्रेतल्या गदेला कॉलेजच्या प्रवेशात एकही गुण मिळत नाही. मैदानात जोड लावून कुस्ती होते. तिथे ठरलेले वजनगट नसतात, सोडतीने लावलेल्या फेऱ्या नसतात आणि अधिकृत निकालपत्रकही नसते. निवड समिती मात्र स्पर्धा कोणी भरवली, कोणत्या पातळीवर भरवली आणि कोणत्या गटात कितवा क्रमांक आला, हेच बघते.

म्हणून दोन वाटा एकाच वेळी धरा. पहिली वाट शाळेची: तालुका, शैक्षणिक जिल्हा, विभाग, राज्य आणि मग शालेय राष्ट्रीय स्पर्धा. इथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. तुमचा तालुका बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतो. निपाणी, अथणी, हुक्केरीकडची मुले चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यातून खेळतात. दुसरी वाट कुस्ती संघटनेची: जिल्हा संघटनेत नोंदणी करून १५, १७ आणि २० वर्षांखालील गटांतून राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा. शाळेच्या वाटेवर तालुक्याला एक कुस्ती गेली की ते वर्ष संपते. संघटनेची वाट मोकळी असली तर त्याच वर्षी दुसरी संधी मिळते. शाळा उघडल्याबरोबर शारीरिक शिक्षण शिक्षकांना भेटून नाव द्या. तालुका स्पर्धेची तारीख उशिरा कळल्यामुळे घरी बसलेल्या चांगल्या मुली दरवर्षी दिसतात.

सरावही बदलावा लागेल. मातीत चितपट केल्याशिवाय निकाल नाही, त्यामुळे मागे सरत डाव शोधायची सवय लागते. मॅटवर वर्तुळाबाहेर पाय पडला की प्रतिस्पर्ध्याला एक गुण. १७ वर्षांखालील कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि दहा गुणांचा फरक पडला की थांबते. मातीत तयार झालेली मुलगी पहिल्या मिनिटात अंदाज घेत राहते आणि तेवढ्यात चार गुण देऊन बसते. तालीम सोडायला सांगत नाही, मातीने ताकद आणि पकड येते. पण आठवड्यात निदान तीन दिवस मॅट हवीच. आणि वाढीच्या वयात उपाशी ठेवून खालच्या वजनगटात बसवू नका. ताकद जाते, पाळीच्या तक्रारी सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात.

आता कागद. शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरे, आधारवर पूर्ण नाव, जन्मदाखल्यावर तिसरेच नाव, हे आपल्या भागात सर्रास आढळते. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीचा, अर्ज भरण्याआधी तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या. नंतर दुरुस्तीला महिने जातात आणि चाचणीची तारीख निघून जाते. वय कमी दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात आणि फरक निघाला की मुलगी बाद होते. राष्ट्रीय क्रीडा नोंदणीच्या एनएसआरएस पोर्टलवर तिचा क्रमांक काढून ठेवा. प्रत्येक प्रमाणपत्राबरोबर त्या वजनगटाचे निकालपत्रकही मागून घ्या. नुसत्या ‘सहभागा’च्या कागदाला फारसे वजन नसते.

राज्यात चमकली तर क्रीडा खात्याची वसतिगृहे आहेत, धारवाडला साईचे (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे) प्रशिक्षण केंद्र आहे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६.२८ लाख रुपयांची तरतूद असते. त्यातले १.२० लाख, म्हणजे महिन्याला दहा हजार, वरखर्चासाठी मिळतात. बाकीचे प्रशिक्षण, आहार, निवास यांवर खर्च होतात.

कॉलेजचे म्हणाल, तर मूडबिद्रीच्या आळ्वास संस्थेसारख्या ठिकाणी निवडलेल्या खेळाडूंना शिक्षण, निवास आणि जेवण मोफत मिळते. दिल्ली विद्यापीठाच्या क्रीडा कोट्यात ७५ टक्के भार खेळाला आणि २५ टक्के सीयूईटी या प्रवेश परीक्षेला असतो, आणि प्रमाणपत्रे अलीकडच्या तीन वर्षांचीच धरतात. म्हणजे नववीतले पदक बारावीनंतर उपयोगी पडत नाही. पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन वर्षे अभ्यासाच्या नावाखाली खेळ बंद केला की हातात काही उरत नाही. बहुतेक घरांत हिशोब इथेच चुकतो.

प्रश्न: मी दहावीत आहे, ८०० मीटर धावतो. कोल्हापूरच्या मामेभावाला बोर्डात खेळाचे वाढीव गुण मिळाले. मला मिळतील का? महाराष्ट्राकडून खेळता येईल का?
– एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर: ते गुण महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्यांना आहेत. तू एसएसएलसीला बसणार, तेव्हा ते धरून चालू नकोस. शालेय स्पर्धेत ज्या राज्यात शिकतोस त्याच राज्याकडून धावायचे. संघटनेच्या स्पर्धांसाठी राज्य बदलायचे तर आधीच्या संघटनेचे ना-हरकत पत्र लागते. एका पायरीवर कर्नाटक आणि दुसरीवर महाराष्ट्र, असे केलेस तर दोन्हीकडची नोंद अडचणीत येईल. बारावीनंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेतलास तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्या विद्यापीठाकडून धावता येईल, त्यात काही अडत नाही. अभियांत्रिकीकडे जाणार असशील, तर महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे. त्याला रहिवास आणि मातृभाषा या दोन्हींचे दाखले लागतात. तो खेळाचा कोटा नव्हे, पण तुझ्या हक्काचा आहे.

प्रश्न: मुलगी पोहते, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. एक एजंट अमेरिकेत ‘शंभर टक्के शिष्यवृत्ती’ मिळवून देतो म्हणतात, मिळालेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा मागतात. विश्वास ठेवावा का?
– एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: नको. शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी घेणाऱ्याशी करार केला तर मुलीची पात्रताच धोक्यात येते. एनसीएए ही तिथली कॉलेज क्रीडा संस्था असे करार चालवून घेत नाही. ठरलेल्या फीवर माहिती देणारी सेवा घेता येते, पण त्यांची बहुतेक कामे तुम्ही घरी बसून करू शकता.

एनसीएएच्या पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देतात. तिसऱ्या विभागात ती नाही, तिथे अभ्यासावर आणि आर्थिक गरजेवर मदत मिळते. पहिल्या दोन विभागांतही अनेकांना अर्धवटच रक्कम मिळते. त्यामुळे प्रत्येक कॉलेजला विचारा: वर्षाचा एकूण खर्च किती, त्यातले तुम्ही किती देणार आणि दरवर्षी नूतनीकरण कशावर ठरते?

अभ्यासाची अट खेळाइतकीच कडक आहे. नववी ते बारावी मिळून १६ मूळ विषय मोजतात (इंग्रजी, गणित, विज्ञान असे; एका विषयाचे एक वर्ष म्हणजे एक). पहिल्या विभागासाठी त्यांत चारपैकी किमान २.३ आणि दुसऱ्यासाठी २.२ सरासरी लागते. पहिल्या विभागासाठी इंग्रजी चार वर्षे, गणित तीन वर्षे. नववी-दहावीत गणिताची दोनच वर्षे होतात, म्हणून मुलीच्या पीयूसी गटात गणित आहे का ते आजच पाहा. शारीरिक शिक्षण धरत नाहीत. नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतरासह, तयार ठेवा. एनसीएए आता एसएटी ही प्रवेश परीक्षा मागत नाही. एखादे कॉलेज मागू शकते.

प्रशिक्षकांना मेल मुलीनेच लिहावा. जन्मवर्ष, बारावी कधी होणार, उंची, टक्केवारी, प्रकार, सर्वोत्तम वेळ, ती कोणत्या स्पर्धेत आणि कोणत्या तारखेला नोंदली, आणि तलाव ५० मीटरचा की २५ चा. अमेरिकन कॉलेजांत बहुधा २५ यार्डांचे तलाव असतात, त्यामुळे तलावाची लांबी न लिहिलेली वेळ त्यांच्या उपयोगाची नाही. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचची वेळ लिहू नका. आधी त्या संघाच्या संकेतस्थळावर तिच्या प्रकारातल्या मुलींच्या वेळा बघा, आणि जिथे ती संघात बसेल अशा वीस-तीस कॉलेजांनाच लिहा. शंभर ठिकाणी एकच मजकूर पाठवला की तो लगेच ओळखू येतो.

खानापूरच्या पालकांनीही हे वाचावे. महिला कुस्तीला एनसीएएच्या अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला असून पहिली स्पर्धा २०२६ ची. मुलांची कॉलेज कुस्ती तिथे वेगळ्या नियमांची आहे, मुलींची मात्र फ्रीस्टाइलच, म्हणजे आपल्या मुली मॅटवर शिकतात तीच. प्रशिक्षकांना पाठवायच्या व्हिडिओत डाव कापून जोडू नयेत. दोन-तीन कुस्त्या पूर्ण द्याव्यात. एनसीएएच्या नोंदणीत पूर्वीच्या कमाईविषयी विचारतात. मैदानातल्या रोख इनामांची तारीख आणि रक्कम वहीत लिहून ठेवा आणि विचारले की खरे सांगा.

प्रश्न: कबड्डी, खो-खोवर परदेशी शिष्यवृत्ती मिळते का?
– एक वाचक, भालकी

उत्तर: अमेरिकन कॉलेजांत हे खेळ शिष्यवृत्तीचे नाहीत. भारतातली कॉलेजे मात्र या खेळांच्या खेळाडूंना घेतात. शालेय राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचणे हेच ध्येय ठेवा.

प्रश्न: जिमवाल्यांनी पोराला पावडर आणि गोळ्या दिल्यात. घेऊ द्याव्यात का?
– एक पालक, चिक्कोडी

उत्तर: आजच बंद करा. डब्यावर न लिहिलेले उत्तेजक द्रव्य आत असले तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात. अल्पवयीन मुलांचीही चाचणी होते आणि बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. कॉलेजची सगळी वर्षे त्यात जातील. सर्दी-खोकल्याचे, दम्याचे औषध घेण्याआधीही ‘नाडा’ या उत्तेजकविरोधी राष्ट्रीय संस्थेच्या नो युवर मेडिसिन अ‍ॅपवर नाव तपासा, आणि डॉक्टरांना पोरगा स्पर्धेत खेळतो हे सांगून चिठ्ठी जपून ठेवा.