सफरचंदाची जुनी बाग काढून त्याच जागी नवी लावायची आहे. भरपूर कंपोस्ट घालू की खुंट बदलू? मातीतल्या सूक्ष्मजीवांवर कशाचा परिणाम जास्त होतो?

आधी खुंट, म्हणजे ज्यावर सफरचंदाच्या जातीचं कलम बांधतात तो मुळांचा भाग, ठरवा; कंपोस्ट त्यानंतर. दोन्ही करणार असाल तर उत्तमच, पण कंपोस्टच्या भरवशावर जुनाच खुंट पुन्हा लावू नका, असं मी कळकळीने सांगेन.

जुन्या जागी लावलेलं सफरचंद खुरटतं, तेव्हा जमिनीचा कस गेला असं बहुतेकांना वाटतं. तेवढंच असतं तर खताने भागलं असतं. खरा त्रास असतो तो जुन्या मुळांवर वर्षानुवर्षं पोसलेल्या रोगजंतूंचा. रायझोक्टोनियासारख्या बुरशी, पिथियम आणि फायटोफ्थोरा हे बुरशीसारखेच जीव, आणि अनेक ठिकाणी प्रॅटिलेंकस हा मुळात शिरणारा सूत्रकृमी, म्हणजे डोळ्याला न दिसणारा बारीक कृमी. शंका असेल तर खुरटलेलं एखादं रोप मातीसकट काढा आणि मुळं बादलीत हलक्या हाताने धुऊन बघा. निरोगी रोपाला पांढऱ्या, बारीक तंतुमुळांचा झुबका असतो. इथे तो जवळजवळ नसतो. मुळं तपकिरी, आखूड असतात, आणि कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून हातात येते, आत नुसता दोरा उरतो.

आता खुंटाचं. प्रत्येक खुंटाची मुळं मातीत साखर, सेंद्रिय आम्लं, फिनॉलवर्गीय द्रव्यं सोडत असतात, आणि त्यांचं प्रमाण खुंटागणिक बदलतं. त्यामुळे मुळाला चिकटलेल्या मातीत कोणते जिवाणू आणि बुरशी वाढणार, हे बऱ्याच अंशी खुंटच ठरवतो. एम.9, एम.26 आणि एमएम.106 हे खुंट जुन्या जागेत सहसा मार खातात. एमएम.106 लोकरी मावा या किडीला दाद देत नाही हे खरं, पण पाणी साचणाऱ्या जमिनीत त्याचा बुंधा फायटोफ्थोराने कुजतो. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे कॉर्नेल विद्यापीठ आणि अमेरिकी कृषी विभागाने तयार केलेल्या मालिकेतले जी.41, जी.935, जी.210, जी.890 हे खुंट अशा जागेसाठी जास्त सहनशील आहेत. कॉर्नेलच्याच संशोधकांनी जुन्या बागेत खुंट, लागवडीची जागा आणि लागवडीआधीचे उपचार एकत्र तपासले, तेव्हा फरक पडला तो मुख्यतः खुंटाने आणि जुन्या ओळीऐवजी मधल्या गवताच्या पट्ट्यात झाड लावल्याने. आधी घातलेल्या कंपोस्टचा परिणाम त्यापुढे फारच थोडा होता. म्हणून जागा असेल तर ओळी सरकवा. फुकटचा उपाय आहे.

मग कंपोस्ट कशाला? जमिनीसाठी. सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, सूक्ष्मजीवांची एकूण हालचाल वाढते, आणि गर्दी झाली की रोगजंतूंना अन्न आणि जागा सहज मिळत नाही. फक्त हा परिणाम एकदाच घालून टिकत नाही, थोडं थोडं दरवर्षी घालावं लागतं. पक्क्या कंपोस्टमधला नत्र सावकाश सुटतो, म्हणून पहिल्याच वर्षी फांद्या जोमाने सुटतील ही अपेक्षा धरू नका. उलट शेणखताचं किंवा कोंबडीखताचं कंपोस्ट ढिगाने घातलं तर जमिनीत स्फुरद साठतो, आणि स्फुरद फार झाला की मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी मुळांवर कमी बसते. नत्र जास्त झाला तर लुसलुशीत वाढ, फायर ब्लाइट (फांद्या करपवणारा जिवाणूंचा रोग) आणि फळांवर बिटर पिट (सालीवर पडणारे तपकिरी खड्डे). त्यामुळे माती तपासून, स्फुरदाचा आकडा बघूनच प्रमाण ठरवा. कंपोस्ट मुरलंय का हे कळायला ओलसर मूठभर कंपोस्ट पिशवीत घट्ट बांधून काही दिवस ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला तर ते अजून कच्चं आहे.

थर पाच सेंटीमीटरच्या आसपास पुरे, आणि बुंध्यापासून वीतभर लांब. कलमाचा सांधा मातीच्या किंवा कंपोस्टच्या थराखाली गेला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि निवडलेल्या ठेंगण्या खुंटाचा उपयोग संपतो.

रोपांची मागणी नोंदवण्याआधी एक चाचणी जरूर करा. जुन्या ओळीतली माती घ्या, तिचे दोन भाग करा, एक भाग साधारण 70 अंश सेल्सिअसला तासभर तापवून गार करा. दोन्ही मातींत, काही कुंड्यांमध्ये, एकाच वयाची, बियांपासून उगवलेली सफरचंदाची रोपं लावा आणि दोनेक महिन्यांनी उंची मोजा. तापवलेल्या मातीतली रोपं स्पष्टपणे उंच निघाली, तर तुमच्या जमिनीत रोगजंतूच आहेत आणि सहनशील खुंटाला पर्याय नाही. दोन्ही सारखीच वाढली, तर खुंट निवडायला तुम्हाला बरीच मोकळीक आहे.