'आनंदच माना' की 'खूश राहा'? आणि 'खुशाल'मधला हाल

मिरजेच्या एका परिचारिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या चर्चच्या महिला मंडळाचा मेळावा आहे, विषय 'संकटकाळी विश्वासातला आनंद'. फलकावर बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं वचन घ्यायचं ठरलं, 1:2, म्हणजे पहिल्या अध्यायाची दुसरी ओवी : 'नाना प्रकारच्या परीक्षांना तुम्हांला तोंड द्यावे लागते तेव्हा तुम्ही आनंदच माना.' मंडळातल्या मुली म्हणाल्या, एवढं जड कशाला, 'संकटातही खूश रहा' असं लिहू. ज्येष्ठ बायकांना ते रुचेना. ताई विचारतात की 'आनंद मानणे' हे अस्सल मराठी आहे की पाद्र्यांनी केलेलं भाषांतर? आणि 'खूश'ला हरकत काय?

आधी शुद्धलेखन. 'रहा' नव्हे, 'राहा'.

आता 'मानणे'. हे अस्सल मराठी आहे, आणि इथे दुसरं कुठलंही क्रियापद चालणार नाही. आनंद होतो, आनंद वाटतो. यात आपल्या हातात काही नसतं. पण समाधान मानतो, उपकार मानतो, हार मानतो किंवा मानत नाही. हे आपण ठरवून करतो. याकोबाच्या मूळ ग्रीक वाक्यातलं क्रियापद 'समजणे, गणणे, लेखणे' या अर्थाचं आहे. प्रेषित पौल फिलिप्पैकरांस पत्रात 'आधी जे लाभाचं होतं ते मी हानीचं समजलो' म्हणतो, तिथेही तेच क्रियापद येतं. म्हणजे भाषा हिशेबाची आहे. सांगलीच्या हळदीच्या पेठेतला कुठलाही मुनीम ती समजेल: ही रक्कम खर्चात टाकू नका, जमेस धरा. याकोब 'तुम्हाला बरं वाटेल' असं म्हणतच नाही. बरं वाटणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तर 'माना'.

हे न समजता जी भाषा कानावर पडते तिने मला संताप येतो. 'दुःख एन्जॉय करा' हे वाक्य मी दोनदा व्यासपीठावरून ऐकलंय आणि एकदा प्रेत घरात असताना, त्या घराच्या ओसरीवर. 'संकटाचा आनंद घ्या' हा त्याचाच मराठी अवतार. आनंद घेतात तो जत्रेचा, हुरड्याचा, पावसाचा. 'घेणे' आणि 'मानणे' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ज्या बाईचा मुलगा कालच गेला तिच्यासमोर बोलताना हे अंतर ठाऊक असावंच लागतं.

'खूश' फारसी आहे म्हणून माझी हरकत नाही. हरकत एवढीच की मराठीत 'खूश' वरवरचं झालंय. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश. फलकावर ते नको.

मात्र 'खूश'चा एक भाऊ आहे, त्याच्याकडे या मुलींनी बघायला हवं होतं. 'खुशाल'. पत्रात लिहायचो ना, 'इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी'? तोच. 'खुशाल जा', 'खुशालचेंडू' हे त्याचे पुढचे अर्थ, ते सोडून देऊ.

'खुशाल' हा 'कुशल'चा अपभ्रंश, असं छातीठोक सांगणारे शिक्षक मला भेटलेत, आणि ते चूक आहेत. 'कुशल' मराठीत धडधाकट आहे, 'क्षेमकुशल'मध्ये नांदतंय. त्याला 'ख' व्हायची काही गरज पडली नव्हती. 'खुशाल' म्हणजे फारसी 'खुश-हाल'. हिंदीने 'खुशहाल'मधला 'ह' जपला, आपण गिळला, जसा 'पहलवान'मधला गिळून 'पैलवान' केला. सांगलीच्या माणसाला 'पैलवान' कळतो, तर 'खुशाल' कळायला अडचण नसावी.

म्हणजे 'खुशाल'मध्ये 'हाल' आहे. आपण 'फार हाल झाले' म्हणतो तोच हाल!

'हाल' हा अरबी शब्द, मूळ अर्थ नुसता 'स्थिती, अवस्था'. चांगली की वाईट, हे त्यात नाही. मराठीने काय भोगलं कोण जाणे, तिने 'स्थिती' म्हणजे 'वाईट स्थिती'च धरली. 'त्याचे हाल कुत्रं खाईना.' पण इतर भावंडांत तो जुना निर्मळ अर्थ अजून शाबूत आहे. 'अहवाल' बघा, ते 'हाल'चं अरबी अनेकवचन. आपण मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक अहवाल वाचतो तेव्हा शब्दार्थाने वर्षभराचे हालच वाचत असतो. 'हल्ली' म्हणजे चालू स्थितीत. 'बहाल' म्हणजे पूर्वीच्या स्थितीत, मग पुन्हा जागेवर नेमलेला, मग नुसता दिलेला. आणि मुळाशी जो अरबी धातू आहे त्याचा अर्थ आहे बदलणे, पालटणे, एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. 'हवाला', 'हवाली करणे', 'हवालदार' त्यातूनच आले. आमच्या साताऱ्याकडे अपशिंग्यासारखं फौजी गाव आहे, तिथे 'हवालदार' हाक मारली तर चार घरांतून ओ येईल. त्यांतल्या एकालाही कल्पना नसेल की आपल्या हुद्द्याचं आणि आपल्या हालांचं गोत्र एक आहे.

हाल म्हणजे जे पालटतं ते. मला या शब्दाचं वेड लागलंय ते यामुळे.

इथे दोन तोतये मात्र वेगळे काढतो, कारण परवाच एका लेखात एका नामवंत प्राध्यापकांनी त्यांना याच घरात घुसवलेलं वाचलं. 'हलाखी' या कुळातली नाही. ती अरबी 'हलाक' म्हणजे नाश, यातून आली. अरबीत तिचा 'ह'सुद्धा वेगळ्या अक्षराने लिहितात. 'हवालदिल'ही नाही, त्यात 'हौल' म्हणजे धसका आहे, धसकलेलं काळीज. देवनागरीत दोन्ही 'ह' सारखे दिसतात म्हणून नाती जोडायची नसतात. ज्यांना खात्री करायची त्यांनी माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश उघडावा. त्याच पटवर्धनांनी पुढे 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परक्या शब्दांवर मोहीम काढली, ते मला आजही पटत नाही. ज्या माणसाला या शब्दांची घराणी तोंडपाठ होती त्याने तरी त्यांना बाहेरचं म्हणायला नको होतं.

तर आता माझं म्हणणं, जे मी दहा वर्षं ज्याला त्याला सांगतोय आणि ज्यावर आमच्या मंडळीतले दोन पाळक, म्हणजे धर्मगुरू, माझ्याशी वाद घालतात.

याकोबाच्या पत्राची पहिली ओवी मराठीत 'सलाम' या शब्दावर संपते. आपणही मिशन कंपाउंडात एकमेकांना सलामच करत वाढलो. शब्द उत्तम आहे, हिब्रू 'शालोम'चा सख्खा चुलत. पण ग्रीकमध्ये तिथे 'शालोम' या अर्थाचं काही नाही. तिथे 'खाइरेइन' आहे, म्हणजे 'आनंद असो'. ग्रीक लोक पत्राची सुरुवात अशीच करत. आणि लगेच दुसऱ्या ओवीत याकोब 'खारा' म्हणजे आनंद हा शब्द घेतो, त्याच धातूतला. पत्रातला रोजचा, घासून गुळगुळीत झालेला नमस्कार तो उचलतो आणि म्हणतो, हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही बरं का, परीक्षा आल्या तरी हेच. पौलाने तोच नमस्कार वेगळ्या रीतीने वळवला. त्याने त्याच धातूतला 'खारिस', कृपा, घेतला आणि 'कृपा व शांती असो' लिहू लागला. एकाने नमस्कारातून आनंद काढला, एकाने कृपा.

मराठीत 'सलाम' आणि 'आनंद' यांचा काही संबंध लागत नाही, त्यामुळे ही खुबी वाचकापर्यंत पोचतच नाही. पण पहिल्या ओवीत 'खुशाल असा' म्हटलं असतं तर? पत्राचा आपला रोजचाच मायना, ग्रीकांसारखा. आणि पुढे लगेच हाल येतात, परीक्षा येतात. हाल आणि खुशाल! याकोबाने ग्रीकमध्ये जे एका धातूवर साधलं ते मराठीत फुकट तयार होतं, फक्त कोणी उचललं नाही.

पाळकांचा आक्षेप असा की 'खुशाल' पवित्र शास्त्राला शोभत नाही, तो टपालाचा शब्द आहे. अहो, याकोबाचं पत्र टपालच आहे! आणि शोभेचंच बोलायचं तर नारायण वामन टिळकांकडे बघा. संस्कृतात मुरलेला कवी. 1917 मध्ये इथे साताऱ्यात राहायला आला आणि आपल्या स्वप्नातल्या ख्रिस्तभक्तांच्या मेळ्याला त्याने नाव दिलं 'देवाचा दरबार'. 'दरबार' फारसीच आहे. टिळकांना तो देवापुढे ठेवायला संकोच वाटला नाही, मग 'खुशाल'ने काय पाप केलं?

हे मला कोशातून कळलं, पण पटलं ते एका पोस्टकार्डामुळे. आमची आजी माण तालुक्यातली. 1972 च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि रेशनची मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर घर चालायचं. वडील तेव्हा सांगलीला नोकरीत. तिने त्यांना लिहून घेतलेलं कार्ड त्यांच्या पवित्र शास्त्रात फिलिप्पैकरांच्या पानाशी ठेवलेलं मला सापडलं. शाई पिवळट झालेली, कडेला तेलाच्या बोटाचा डाग. पाण्याचं, बैल विकल्याचं लिहिलंय, आणि मग ही ओळ : 'हाल लई हायत, बाकी समदे खुशाल हाय. परभूचं आभार.' लिहिणारा शाळेतला पोरगा असणार, तिने बोललं तसंच उतरवलंय.

ती खोटं बोलत नव्हती. बैल गेला हे आधी लिहिलंय, लपवलेलं नाही. तिने हालही मोजले आणि खुशालीही मोजली, एकाच ओळीत, एकाच शब्दाने, आणि तिला व्युत्पत्ती ठाऊक नव्हती. 'मानणे' म्हणजे काय ते मी या कार्डावरून शिकलो. पौलानेही 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे बंदिवासातूनच लिहिलं, ते वडिलांनी बरोबर ओळखून कार्ड त्या पानात ठेवलं असावं.

ताईंच्या वचनातली आणखी एक गंमत सांगायची राहिली. दुसऱ्या ओवीत 'परीक्षा' आहे, तिसऱ्या ओवीत 'विश्वासाची पारख'. ग्रीकमध्ये हे दोन वेगळ्या धातूंतले शब्द आहेत. मराठीत मात्र 'पारख' ही 'परीक्षा'चीच लेक, प्राकृतातल्या 'परिक्खा'तून आलेली. म्हणजे नमस्कारात जे हरवलं ते इथे भाषेने भरून दिलं. आणि तिसऱ्या ओवीतला ग्रीक शब्द धातू पारखण्याचा आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांना विचारा, जे देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं मांडून बसलेत. मूस लाल होते, मळी वर येते, आणि सोनं खाली तसंच राहतं. आगीने सोनं तयार होत नाही. आधी होतंच, ते दिसतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात, 1:6-7 मध्ये, आनंद, नाना परीक्षा आणि अग्नीतलं सोनं हे तिन्ही एकत्र येतात, आणि 'नाना प्रकारच्या परीक्षा' व 'विश्वासाची पारख' हे शब्दही ग्रीकमध्ये अगदी तेच आहेत. मेळाव्यात तो उतारा शेजारी वाचायला ठेवा.

फलकाचं राहिलंच. वचन आहे तसंच रंगवा. मुलींना वाईट वाटू नये म्हणून खाली निमंत्रणाच्या ओळीत 'आपली खुशाली सांगायला या' असं घ्या, त्यात त्यांचा 'खूश'ही येतो आणि हालही. आणि रंगाऱ्याला बजावून सांगा, जागा कमी पडली तरी 'आनंदच'मधला 'च' गाळायचा नाही. मुळात तिथे 'सगळा आनंद', 'निव्वळ आनंद' असं आहे, आणि ते सगळं मराठीत त्या एका अक्षराने उचललंय.