मे महिन्याच्या उन्हात शेळ्या-मेंढ्या तग कशा धरतात?

मुख्यतः धापेवर. त्यांना घाम येतो, पण कमी. एरवी मिनिटाला 20-30 असणारा मेंढीचा श्वास कडक उन्हात 100 च्या वर जातो आणि नाका-तोंडातल्या ओलाव्याचं बाष्प होऊन अंगातली उष्णता बाहेर पडते.

मेंढीची लोकर उन्हाळ्यात त्रासच देत असेल असं वाटतं, पण बेताची लोकर ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात अगदी कातडीलगत कातरू नये. दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, तेही डोक्याला सावली मिळावी म्हणून.

शेळी त्याहून काटक. उस्मानाबादी शेळी काळी असूनही मराठवाड्याच्या उन्हात टिकते. लांब कानांतून उष्णता बाहेर जाते, लघवी घट्ट होऊन पाणी वाचतं आणि पोटातल्या मोठ्या कप्प्यातलं पाणी काही काळ पुरतं.

रवंथ करतानाही अंगात उष्णता तयार होते, त्यामुळे चराई सकाळी लवकर आणि संध्याकाळी करा. दुपारी झाडाची सावली आणि गार पाणी हवंच; पत्र्याचं शेड तापतं, त्यावर पाचट टाका. जनावर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागलं तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी मारा आणि डॉक्टरांना बोलवा.