विक्रम लिहिण्याआधी त्याचा नियम शोध

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

टेनिसचे विजेते आणि फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा यांची मराठी नोंदवही तू करायला घेतली आहेस, याचा फार आनंद झाला. तुझ्या तक्त्यात चार रकाने आहेत: वर्ष, विजेता, उपविजेता, निकाल. त्यात आणखी तीन वाढव: सामने प्रत्यक्ष खेळले गेले त्या तारखा, त्या वेळची स्पर्धेची रचना, आणि भाग कोणाला घेता येत होता. फुटबॉलमध्ये या शेवटच्या रकान्यात संघाचं तेव्हाचं नावही लिही. बहुतेक चुका या तीन रकान्यांच्या अभावी होतात.

आधी तारखा. ऑस्ट्रेलियन ओपन १९७७ मध्ये दोनदा झाली, जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये. १९८६ मध्ये ती झालीच नाही, कारण डिसेंबरमधली स्पर्धा पुन्हा जानेवारीत नेली. त्यामुळे स्टीफन एडबर्गची १९८५ आणि १९८७ ही दोन विजेतेपदं लागोपाठची आहेत. वर्षांवर नजर टाकणारा त्यांच्यामध्ये एक विजेता हरवला असं समजतो आणि तो शोधत बसतो. फुटबॉलमध्येही हेच. दक्षिण अमेरिकेची स्पर्धा १९५९ मध्ये दोनदा झाली: अर्जेंटिनात अर्जेंटिना जिंकली, इक्वाडोरमध्ये उरुग्वे. ‘युरो २०२०’ खेळली गेली २०२१ च्या जून-जुलैमध्ये, आणि ‘आशियाई चषक २०२३’ झाला २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. स्पर्धेचं नाव एका रकान्यात, तारीख दुसऱ्यात. दोन्ही एकत्र करू नकोस.

आता रचना. विम्बल्डनमध्ये १९२१ पर्यंत आव्हान फेरी होती. आदल्या वर्षीचा विजेता थेट शेवटच्या सामन्यात उतरायचा. विल्यम रेनशॉनं १८८१ ते १८८६ अशी सलग सहा विजेतेपदं मिळवली, पण त्यातली शेवटची पाच राखायला त्याला दर वर्षी एकच सामना खेळावा लागला. ब्यॉन बोर्गनं १९७६ ते १९८० मध्ये पाच विजेतेपदं मिळवली ती दर वर्षी सात फेऱ्या पार करून. रेनशॉला कमी लेखायचं कारण नाही, त्यानं त्याच्या काळाच्या नियमानं खेळ केला. वाचकाला मात्र हा फरक त्याच ओळीत दिसला पाहिजे.

भाग कोणाला घेता येत होता, हा टेनिसमधला सगळ्यात मोठा प्रश्न. १९६८ च्या फ्रेंच स्पर्धेआधी मोठ्या चार स्पर्धा (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, अमेरिकन) फक्त हौशी, म्हणजे पैशासाठी न खेळणाऱ्या, खेळाडूंच्या होत्या. रॉड लेव्हरनं १९६२ मध्ये चारही जिंकल्या, तो व्यावसायिक झाला आणि १९६३ ते १९६७ हे पाच पूर्ण हंगाम त्याला दार बंद राहिलं. दार उघडल्यावर १९६९ मध्ये त्यानं पुन्हा चारही जिंकल्या. त्याची एकूण ११ आणि रॉय इमर्सनची १२ विजेतेपदं शेजारी मांडशील, तेव्हा हे पाच हंगाम लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. इमर्सनची सगळी बारा १९६८ च्या आधीची आहेत.

मार्गारेट कोर्टच्या २४ एकेरी विजेतेपदांतली १३ हौशी काळातली, ११ नंतरची. सेरेना विल्यम्सची २३ च्या २३ खुल्या पर्वातली, म्हणजे व्यावसायिकांनाही दार उघडल्यानंतरची. म्हणून ‘महिलांचा विक्रम’ एवढंच लिहिलं तर ते अर्धवट राहतं, कोणत्या पर्वातला ते जोड. आकडा कधी सलग उचलायचा नाही, फोडून बेरीज करायची: कोर्टची ऑस्ट्रेलियात ११, फ्रान्समध्ये ५, विम्बल्डनला ३, अमेरिकेत ५. जोकोविचची २०२५ अखेरपर्यंतची २४ ही याच क्रमानं १०, ३, ७, ४. बेरीज जुळली नाही तर बहुधा दुहेरी किंवा मिश्र दुहेरीचं एखादं विजेतेपद एकेरीत शिरलेलं असतं. खेळत असलेल्या खेळाडूच्या आकड्यासमोर ‘अमुक तारखेपर्यंत’ असं हवंच.

फुटबॉलमध्ये १९५० च्या विश्वचषकावर थोडा जास्त वेळ दे. त्या वर्षी अंतिम सामना ठरलेलाच नव्हता. चार संघांची शेवटची साखळी होती, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. ब्राझीलनं स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ हरवलं. उरुग्वेची स्पेनशी २-२ बरोबरी झाली, स्वीडनवर ३-२ असा विजय. म्हणजे १६ जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर उतरताना ब्राझीलचे चार गुण, उरुग्वेचे तीन. ब्राझीलला बरोबरी पुरत होती. उरुग्वे २-१ नं जिंकलं आणि पाच गुणांवर विश्वविजेता झालं. हा गुणतक्ता दिला नाहीस, तर त्या सामन्याआधीच ब्राझीलला आपण विजेते असल्यासारखं का वाटत होतं ते वाचकाला कळणार नाही. शिवाय ‘ब्राझील किती अंतिम सामने खेळला’ याचं उत्तर इथेच बदलतं: हा सामना धरला तर सात, नाही तर सहा. तुझ्या वहीत सहा लिही आणि खाली टीप दे.

भारताबद्दलची ओळही याच स्पर्धेतली. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही पात्रता सामना न खेळता जागा मिळाली होती. इटली, स्वीडन, पॅराग्वे हा गट होता. आपण गेलो नाही. ‘बूट नव्हते म्हणून’ हे कारण सगळीकडे सापडेल, कारण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. भारतीय फुटबॉल महासंघानं मात्र संघनिवडीतले मतभेद आणि अपुरा सराव ही कारणं दिली होती. तेवढीच लिही.

जर्मनीची चार विश्वविजेतेपदं एकत्र मोजतात, पण १९५४, १९७४ आणि १९९० ची पश्चिम जर्मनीची आहेत. शेवटचं जुलै १९९० मधलं, एकीकरण झालं ३ ऑक्टोबरला.

निकाल लिहिताना पेनल्टीचे गोल मूळ निकालात मिसळू नकोस. २०२२ च्या विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना असा लिही: ३-३, अतिरिक्त वेळेनंतर, पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२. अधिकृत नोंदीत तो बरोबरीत सुटलेला सामना आहे. फ्रान्सच्या एम्बापेचे त्यातले गोल तीन, शूटआउटमधला त्यात धरायचा नाही. टेनिसमध्ये टायब्रेकच्या (६-६ झाल्यावर सेट ठरवणाऱ्या डावाच्या) कंसातला आकडा हरलेल्याच्या गुणांचा असतो, तो जिंकणाऱ्याचा समजून उलटा वाचला जातो.

सरावासाठी बालेवाडीची टेनिस स्पर्धा घे, आपल्याच गावातली. ती चेन्नईहून इथे आली, पुण्यात २०१८ ते २०२३ या काळात झाली. चेन्नईची १९९७ पासूनची वर्षं पुण्याच्या खात्यात घालू नकोस. सिमॉन, अँडरसन, वेसेली, सौसा, ग्रीक्सपूर असे पाच विजेते, पण वर्षं सहा. २०१९ चा अंतिम सामना अँडरसननं कार्लोविचविरुद्ध ७-६ (४), ६-७ (२), ७-६ (५) असा जिंकला, त्यावर कंस वाचायला शीक. सातही रकाने भरून पाठव. २०२१ ची ओळ गाळू नकोस. ती रिकामी ठेव आणि रचनेच्या रकान्यात ‘कोरोनामुळे स्पर्धा नाही’ असं लिही.

तुझा,
शुभचिंतक