हनिमूनचं बेट निवडताय? आधी महिना ठरवा

लग्नसराई जवळ आली की भूमध्य समुद्रातल्या बेटांबद्दल विचारणा सुरू होते. यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी इतरांच्याही उपयोगी पडतील असे काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : डिसेंबरात लग्न आहे. घरचे म्हणतात, गड्ड्याची यात्रा झाली की जा. जानेवारीअखेरचं ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचं पॅकेज निम्म्या दरात मिळतंय. घेऊन टाकू का? (जुळे सोलापूर)

नको. दर निम्म्यावर का आला ते आधी बघा. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्या बरोबर उलट. ग्रीसच्या लहान बेटांवरची बरीचशी हॉटेलं आणि खानावळी नोव्हेंबर ते मार्च कुलूपबंद असतात. बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि वारा सुटला की उरलेल्याही रद्द. फोटोतला निळा घुमट जागेवरच असेल, पण त्याच्यासमोर तुम्ही जर्किन घालून, छत्री सावरत उभे असाल.

खरी अडचण पंचांगाची आहे. आपले मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढीला थांबतात. त्या बेटांचा हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. म्हणून हिवाळ्यात लग्न होणाऱ्यांना मी सरळ सांगतो : आत्ता चार दिवस कोकणात जाऊन या आणि बेटासाठी मे किंवा सप्टेंबर धरा. मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळिशी गाठतो तेव्हा तिथे दिवसा चोवीस-पंचवीस अंश असतं. पाणी मात्र गार, २० अंशांच्या आसपास; पाय बुडवाल आणि किंचाळाल. सप्टेंबरात तेच पाणी उन्हाळाभर तापून पोहण्याजोगं झालेलं असतं. शाळा उघडल्यामुळे युरोपातली पोराबाळांची गर्दीही ओसरते.

सप्टेंबरात अडतं ते आपल्या घरी. सुनेचं पहिलं वर्ष, त्यात गौरी-गणपती. गौरी जेवल्या की निघा. पुढे पितृपंधरवडा लागतो आणि कुणीतरी नाक मुरडतंच. ते मात्र तुमचं तुम्ही निस्तरा.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. दर चढे, गर्दी मरणाची, आणि या ग्रीक बेटांभोवतीच्या एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस घोंघावतो.

प्रश्न : मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी, क्रीट अशी आठ दिवसांत पाच बेटं आखली आहेत. निवांतपणा हवाय. क्रम बरोबर आहे का? (होटगी रोड)

क्रम बरोबर आहे, निवांतपणा कुठे दिसत नाही! बेट बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरा, अकराला खोली सोडा, धक्क्यावर उन्हात उभे राहा, बोटीच्या पोटात बॅगा ठेवायला धावा, उतरल्यावर दुसऱ्या खोलीची वेळ होईपर्यंत कुठेतरी बसा. दिवस संपला. तुमच्या आखणीत असे चार दिवस आहेत.

दोन बेटं घ्या : नॅक्सोसला पाच रात्री आणि शेवटी सँटोरिनीला दोन. दोघांमध्ये वेगवान बोटीने दीड-दोन तासांचं अंतर आहे.

सँटोरिनी दोनच रात्री का? सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या स्फोटात बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. फोटोतलं ते पांढरं गाव त्या खचलेल्या कड्याच्या काठावर बसलंय. म्हणून दृश्य अप्रतिम, आणि म्हणूनच खोलीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. कड्यावरच्या हॉटेलसमोर किनारा नसतो. कामारी आणि पेरिसा हे काळ्या वाळूचे किनारे बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत, आणि दुपारी त्या वाळूवर अनवाणी चालून दाखवा! संध्याकाळी ओइया गावात सूर्यास्तासाठी जी रेटारेटी होते ती पाहून तुम्हाला गड्ड्याची आठवण येईल. क्रूझ जहाजं दिवसा येतात आणि रात्रीपर्यंत बहुतेक निघून जातात, त्यामुळे पहाटेचं सँटोरिनी तुमचं. तेवढ्यासाठी दोन रात्री जरूर राहा.

नॅक्सोसवर आयिओस प्रोकोपिओस आणि प्लाका हे किनारे लांबलचक, पिवळसर वाळूचे. बेट मोठं आणि शेतीचं आहे, तिथला बटाटा आणि चीज ग्रीसभर नावाजलेलं. बंदराशी उतरलात की अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या मंदिराची संगमरवरी चौकट समोर उभी. शेंगा विकायला कुणी येत नाही, एवढंच उणं.

क्रीट वेगळ्या खेपेला ठेवा. ते ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. नुसतं हानिया शहर आणि आजूबाजूचे किनारे पाहायलाही आठवडा पुरत नाही.

प्रश्न : दोघंही पूर्ण शाकाहारी आहोत. आई कडक भाकरी, शेंगा चटणी, तुपाचा डबा आणि पेढे देणार म्हणतेय. चालेल का? (अक्कलकोट रोड)

भाकरी आणि चटणी खुशाल न्या. तूप आणि पेढे काढून ठेवा : युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, सापडले की जप्त. चटणी नीट बंद पाकिटात भरा. तेल सुटून कपड्यांना लागलं तर तो वास पार सोलापूरपर्यंत परत येतो.

जेवणाची मात्र काळजी नको. ग्रीसमध्ये टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेले मोठे पांढरे घेवडे मिळतात, त्यांना यिगांतेस म्हणतात. सँटोरिनीचा फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. भात भरलेले टोमॅटो मागवताना आत खिमा नाही ना, हे विचारून घ्या. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

प्रश्न : पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. व्हिसाआधी बदलावा लागेल का? (बार्शी)

नाही. तिकीट, विमा, हॉटेल सगळं पासपोर्टवरच्या नावानेच काढा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. घोळ होतो तो हौसेने सासरच्या नावाने तिकीट काढल्यावर.

ग्रीस, इटली, स्पेन, माल्टा, क्रोएशिया या सगळ्यांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. शुल्क माणशी ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच करून मोकळे व्हा. बोटांच्या ठशांसाठी दोघांनाही जावं लागतं. मुंबईची वेळ मिळाली तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघा, काम उरकून परत या.

प्रश्न : इंग्रजी बेताचं, दुसरी भाषा येत नाही. माल्टा की सिसिली? (पंढरपूर)

माल्टा. तिथे इंग्रजी राजभाषाच आहे, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. पण मुख्य बेटावर इमारतींची दाटी आहे आणि किनारा बराचसा खडकाळ. आराम हवा तर बोटीने २५ मिनिटांवरच्या गोझो बेटावर जुन्या दगडी शेतघरात राहा. बऱ्याच घरांना स्वतःचा पोहण्याचा तलाव असतो. वाटाणे भरलेली पास्तिझी, म्हणजे तिथली पापुद्र्यांची खारी, गरम असतानाच खा.

इटलीचं सिसिली उत्तम आहे, पण ते भटकणाऱ्यांचं बेट : एटना ज्वालामुखी, पालेर्मो शहरातले बाजार, ग्रीक मंदिरं. लोळायला जाणाऱ्यांनी तिथे जाऊन चुटपुट लावून घेऊ नये.

प्रश्न : दोघांनाही पोहता येत नाही. बेटावर जाऊन करायचं काय? (सोलापूर)

उथळ पाण्यात डुंबायचं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. क्रीटच्या एलाफोनिसीला बरंच आत गेलात तरी पाणी गुडघ्याएवढंच असतं. क्रोएशियाचे किनारे बहुतेक गोट्यांचे आणि लगेच खोल होणारे, ते तुम्ही सोडा. वारा असेल त्या दिवशी कडेलाच बसा. छत्रीखालच्या दोन खुर्च्यांचं भाडं आधी विचारून घ्या, पहिल्या रांगेत ते जास्त असतं.