कोइंबतूरच्या त्या गृहस्थांना कळवलंस का?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, लिंक्डइनवर बाराशे कनेक्शन झाली, पण अडल्यावर विचारावं असं त्यात कुणी नाही. ते वाक्य दोन दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

आकडा विसर, पण दूरची माणसं सोडू नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एक लेख लिहिला. बोस्टनजवळच्या ज्या लोकांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांना त्यानं विचारलं होतं, ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला कितपत भेटायची? नेहमी भेटायची असं सांगणारे १७ टक्केही नव्हते. बाकीच्यांना ती अधूनमधून, नाहीतर क्वचितच भेटायची. आपल्या फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, माणसांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवं कळतं ते राजकोटच्या, कोइंबतूरच्या फाउंड्रीतल्या माणसाकडून.

फॉलो कर ते रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या कास्टिंगचा (ओतीव नगाचा), फोटो टाकून कारण सांगणाऱ्यांना. मशिनिंगवाल्यांनाही कर, आपलं कास्टिंग त्यांच्या हातात गेल्यावर काय होतं, हे तक्रार आल्याशिवाय आपल्याला कळत नाही.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. पहिल्यांदा तू लिंक्डइनवर लिहिलंस, ‘एसजी आयर्नमध्ये ब्लोहोल येतात, उपाय सांगा.’ एका जातीच्या ओतीव लोखंडात वायूनं पोकळ्या पडतात, एवढंच. कुणी फिरकलं नाही. दुसऱ्यांदा नीट मांडलंस: ग्रीन सँड (ओलसर वाळूचा साचा), मॉइश्चर ३.६ टक्के, पोअरिंग १३९० अंशांवर, होल फक्त कोअरच्या (नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) वरच्या अंगाला, बाकी कास्टिंग स्वच्छ. तासाभरात कोइंबतूरच्या एका गृहस्थांनी विचारलं, कोअरचे व्हेंट, म्हणजे वायू बाहेर पडायच्या वाटा, मोकळे आहेत का? होल कोअरपाशीच असतील तर वायू कोअरची वाळू धरून ठेवणाऱ्या बाइंडरमधून येत असावा, ही त्यांची शंका. तू कोअर फोडून बघितलास, तर व्हेंट वॉशनं, कोअरला लावायच्या लेपानं, बुजलेले!

रिजेक्शन उतरलं. आणि तू त्यांना काहीच कळवलं नाहीस. खरं सांगतो, मला हे लागलं. त्या माणसानं दिवसभर भट्टीसमोर उभं राहून, घरी जाऊन तुझा प्रश्न वाचला असेल. आपली शंका खरी ठरली की नाही, एवढं कळायचा त्याचा हक्क आहे. शिवाय उद्या असाच प्रश्न पडलेला दुसरा कुणी तिथं येईल, त्याला अर्धवट गोष्ट सापडेल. माझ्या ज्या ओळखी वीस वर्षं टिकल्या, त्या सगळ्या ‘तुम्ही सांगितलंत तसं केलं, असं झालं’ या निरोपानं टिकल्या.

एका गोष्टीला मात्र जप. मी एकदा चांगल्या निघालेल्या कास्टिंगचा फोटो हौसेनं टाकला. त्यावर गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर उठलेला होता, तो माझ्या लक्षातच आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खुलासा मागणारं पत्र आलं आणि ते चुकीचं नव्हतं. काम त्यांचं होतं, दाखवायचा अधिकार मला नव्हता. म्हणून दोष दाखवायचा तर तेवढाच तुकडा कापून त्याचा फोटो घे, आणि तोही साहेबांना विचारून.

आज रात्री त्यांना लिही. व्हेंट मोकळे केल्यावर किती नग ओतले, त्यातल्या कितींना होल निघाले, वॉश लावताना आता काय काळजी घेता, सगळं. आणि त्यांच्याकडे सध्या काय अडलंय तेही विचार. तुला येत असेल तर सांग, नाहीतर मला फोन कर, आपण दोघं बघू.

तुझे,
सर